नको असलेली उमरावकी

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री होते मजूर पक्षाचे विल्यम वेजवुड बेन. हुतात्म्यांची नावं सोलापूरकरांना पाठ आहेत. या मंत्र्याचं नाव आपल्याकडे क्वचितच कुणी घेतं. ब्रिटनमध्येही आज ते आठवतात मजूर पक्षाचे नेते टोनी बेनचे वडील म्हणूनच.

लॉर्ड्सच्या सभागृहात मजूर पक्षाला माणसं कमी पडत होती, म्हणून १९४२ मध्ये वडिलांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट करण्यात आलं. पद वंशपरंपरागत. थोरल्या मुलाची, मायकेलची, हरकत नव्हती. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. पण जून १९४४ मध्ये हवाईदलात असताना तो अपघातात गेला आणि वारसा टोनीच्या गळ्यात पडला.

टोनी १९५० मध्ये, पंचविशीतच, ब्रिस्टल आग्नेयमधून कॉमन्सवर निवडून आला. ही जागा स्टॅफर्ड क्रिप्स यांनी रिकामी केलेली. १९४२ ची योजना घेऊन दिल्लीला आलेले तेच क्रिप्स. उमराव झालेल्याला तेव्हा कॉमन्समध्ये बसता येत नसे, हे ठाऊक असल्यानं त्यानं वडील हयात असतानाच वारसा सोडण्याची परवानगी मागून पाहिली. मिळाली नाही. १७ नोव्हेंबर १९६० ला वडील वारले आणि जागा गेली.

त्यानं पोटनिवडणुकीत पुन्हा अर्ज भरला. ४ मे १९६१ ला त्याला २३,२७५ मतं पडली, हुजूर पक्षाच्या माल्कम सेंट क्लेअरला १०,२३१. तरी कॉमन्सच्या दारात त्याला अडवलं. निवडणूक न्यायालयात त्यानं स्वतःची बाजू स्वतःच मांडली. निकाल मात्र अजब लागला: उमेदवार अपात्र आहे हे मतदारांना माहीत होतं, तेव्हा त्याला दिलेली मतं वाया गेली, जागा सेंट क्लेअरची! हा सेंट क्लेअरही एका लॉर्डपदाचा भावी वारस. गृहस्थ दिलदार म्हणायचा. कायदा बदलला तर राजीनामा देईन असं त्यानं सांगितलं आणि शब्द पाळला.

३१ जुलै १९६३ ला उमरावकी सोडण्याची मुभा देणाऱ्या नव्या कायद्याला राजसंमती मिळाली आणि त्याच संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी बेननं पद सोडलं. असं करणारा तो पहिला. पण खरा लाभ विरोधकांनी उठवला. मूळ मसुद्यानुसार ही सोय पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मिळणार होती. लॉर्ड्सनीच दुरुस्ती करून ती ताबडतोब लागू करवली. ऑक्टोबरात हुजूर पक्षाचे पंतप्रधान मॅकमिलन पायउतार झाले आणि चौदावे अर्ल ऑफ होम पंतप्रधान झाले. त्यांनी लगेच उमरावकी सोडली आणि पोटनिवडणूक जिंकेपर्यंत पंधरवडाभर ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. मजूर पक्षाच्या बंडखोरानं मोकळी केलेली वाट हुजूर पक्षाच्या उमरावाला थेट डाउनिंग स्ट्रीटवर घेऊन गेली. राजकारणात असं होतं.

पुढे बेन पोस्टमास्टर जनरल झाला, तंत्रज्ञान, उद्योग, ऊर्जा ही खाती त्यानं सांभाळली. वय वाढत गेलं तसा तो अधिकाधिक डावीकडे सरकला. १९८१ मध्ये पक्षाचं उपनेतेपद डेनिस हीलीविरुद्ध एक टक्क्याहूनही कमी फरकानं हुकलं. २००१ मध्ये त्यानं खासदारकी सोडली. कारण सांगितलं, राजकारणाला जास्त वेळ देता यावा!

कायद्यात एक मेख होती. त्याग करणाऱ्यापुरताच तो त्याग; पद मरत नाही, वारसाची वाट पाहत थांबतं. १४ मार्च २०१४ ला बेन गेला आणि थोरला मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. वंशपरंपरागत उमरावांसाठी राखलेल्या एका जागेवर २०२१ मध्ये तो बिनविरोध लॉर्ड्समध्ये गेला. त्याचा धाकटा भाऊ हिलरी १९९९ पासून कॉमन्समध्ये आहे, लीड्सच्या मतदारांनी निवडून दिलेला.