बोगद्यातला वारा, बोगद्यातला धूर

मध्य प्रदेशातही आपल्यासारखाच एक सीमेवरचा मराठी मुलूख आहे, पांढुर्णा-सौंसरचा. तिथली मंडळी इटारसीला निघाली की बैतूलपुढच्या घाटात बोगदे लागतात. गाडी आत शिरते, मुले ओरडतात आणि वाऱ्याचा झोत खिडकीवर आदळतो. सायकलच्या पंपातला दट्ट्या हवा रेटतो, तशीच गाडी बोगद्यातली हवा पुढे रेटते व मागे ओढून घेते.

आज आपली मुले मुंबई-बेंगळुरूच्या भुयारी मेट्रोने कामावर जातात. तिथे आग लागली, तर हाच वारा धुराला वाट दाखवतो. ज्वाळेपेक्षा धूरच अधिक बळी घेतो.

दक्षिण कोरियातील देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी पेटत्या गाडीशेजारी समोरून आलेली दुसरी गाडी येऊन थांबली. वीज गेली, दारे बंद राहिली. १९२ जण दगावले. त्यांतले बहुतेक दुसऱ्या गाडीतले.

म्हणून पेटलेली गाडी शक्यतो पुढच्या स्थानकात नेतात, बाकीच्या गाड्या रोखतात. मोठे पंखे धूर एका बाजूला ढकलतात आणि माणसांना दुसऱ्या बाजूने बाहेर काढतात. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुल मेट्रो स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी आग लागून धूर पसरला, तेव्हा तिथली सेवा लगेच थांबवली गेली. जीवितहानी झाली नाही.

मुलांना फोनवर ‘जेवलास का, ऊट आयिता?’ असे आपण रोज विचारतो. एकदा एवढेही सांगावे: कर्मचाऱ्यांचे ऐक, वाकून चाल, आणि ताजा वारा तोंडावर घेत बाहेर पड.