पुढच्या चाकाचा हब आणि नऊ जणांचे प्राण

आमच्या वस्तीतील एका बांधवाकडे महिंद्राची जुनी एम. एम. ५४० जीप आहे. चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे आपण जिला फोर-व्हील म्हणतो ती. सोसायटीचे कर्ज काढून घेतलेली ही जीप डोंगरातल्या वाड्यांवर सिमेंट, खत, बाजारहाट पोचवते. आणि मंगल परिणय असो की कुणाची अंत्ययात्रा, वस्तीच्या अडीनडीला धावून येते. मागच्या उन्हाळ्यात याच जीपमधून आम्ही नऊ जण एका मंगल परिणयास निघालो होतो. त्यात दोन लेकुरवाळ्या होत्या. घाट उतरताना स्टिअरिंग थरथरू लागले. करपलेल्या ग्रीसचा वास आला. बांधवाने गाडी तात्काळ कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकाचा हब इतका तापला होता की हात लावण्याची सोय नव्हती. आणखी दोन वळणे तसेच गेलो असतो तर काय झाले असते, हे वाचकांना सांगायला नको.

चारच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये त्याच चाकाचे काम झाले होते. मजुरीही पुरेपूर घेतली होती. मग चुकले कुठे?

रविवारी विहारासमोरच्या पटांगणात चाक उघडले. उघडणारे होते एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आमच्या वस्तीतले काका. आणि त्यांच्या हाताखाली जीपवाल्या बांधवाची मुलगी, जी आय. टी. आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. आम्ही कारकून माणसे. आमच्या हाती फक्त वही आणि पेन. काका सांगतील ते क्रमाने टिपून घेणे, एवढेच आमचे काम.

काकांनी पहिल्यांदा मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलली आणि ॲक्सलखाली घोडी ठेवली. "नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही," हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, जुन्या जीपमध्ये बऱ्याचदा डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवायला म्हणून जोर लावतो आणि स्टड तोडून बसतो.

टोपी काढली, सहा बोल्टची फ्लॅन्ज काढली, आणि आतला प्रकार उघडा पडला. हबमध्ये एकामागे एक दोन मोठे नट असतात. आतला नट बेअरिंगचा ताण ठरवतो, बाहेरचा त्याला जखडतो आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याचा लॉक वॉशर असतो. नट बसल्यावर या वॉशरची कड बाहेरच्या नटावर दुमडायची असते, म्हणजे नट फिरत नाही. काका म्हणाले, "हे बघ पोरी, कड दुमडलेलीच नाही." बाहेरचा नट बोटांनी फिरत होता. नटावर छिन्नीचे घाव होते, म्हणजे योग्य मापाचा पाना न वापरता ठोकाठोकी केलेली. आतले बेअरिंग तापून निळे पडले होते. सील जुनेच परत बसवले होते.

पुढचे काम आम्ही जसे टिपले तसे देतो.

सर्व भाग डिझेलमध्ये धुऊन कोरडे करावेत. ब्रेक ड्रममधली धूळ मात्र फुंकर मारून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. बेअरिंगच्या रोलरवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर डाग असतील तर ते बाद. बदलताना बेअरिंग आणि हबमध्ये बसलेला त्याचा कप, दोन्ही नवे घ्यावेत. जुन्या कपात नवे बेअरिंग टिकत नाही. नवा कप पितळी दांड्याने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकत बसवावा. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. मुलीने तो आवाज दोनदा ऐकून मान डोलावली.

मग ग्रीस. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची. रोलरच्या फटींतून ग्रीस वर आले की ती जागा भरली. वरून नुसते लिंपणे म्हणजे ग्रीस भरणे नव्हे. हबची पोकळीही गच्च भरायची नाही. जादा ग्रीस तापून सीलबाहेर येते, ब्रेकच्या लायनरवर जाते आणि मग ब्रेकच लागत नाही.

आतले बेअरिंग ठेवून नवे सील बसवले. सीलचा ओठ बेअरिंगच्या बाजूला हवा. हब स्पिंडलवर सरळ सरकवायचा. तिरका घातला तर आट्यांवर घासून नवे सील फाटते. मग बाहेरचे बेअरिंग आणि आतला नट. चाक हाताने फिरवत फिरवत, ते जड होईपर्यंत नट आवळायचा आणि मग एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. नट षटकोनी असतो, म्हणजे एक पैलू मागे.

"काका, आवळलेला नट परत सैल कशाला करायचा?" मुलीने विचारले.

काका म्हणाले, "चाक पळालं की लोखंड तापतं, तापलं की फुगतं. त्याला जागा ठेवली नाही तर बेअरिंग जळतं, आणि जास्त ठेवली तर चाक डगडगतं."

कुठल्याही मॉडेलच्या माहितीपुस्तकात वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे, हेही त्यांनी बजावले.

त्यानंतर लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि पुन्हा तपासणी. कारण बाहेरचा नट आवळताना आतला ताण बदलतो. चाकाला वर आणि खाली धरून हलवायचे. खटखट नको, आणि चाक मोकळे फिरायला हवे. खात्री पटली तेव्हाच वॉशरची कड दुमडली. ते काम काकांनी मुलीच्या हातून करून घेतले. मग गॅस्केटसह फ्लॅन्ज, टोपी, चाक. चाकाचे नट समोरासमोरचे आवळत. पाचएक मैल फिरवून हबला हात लावून पाहिला. किंचित कोमट. एवढे चालते.

वाचकहो, वॉशरची ती कड दुमडायला मिनिटभर पुरते. टोपी बसल्यावर ती कुणालाच दिसत नाही. गिऱ्हाईक तपासू शकत नाही, मालक विचारत नाही. पण नऊ जणांचे प्राण त्याच कडेवर होते. भगवान बुद्धांनी अप्रमाद सांगितला, सम्यक आजीविका सांगितली. कुणी पाहत नसताना आपले काम पुरे करणे हा दोहोंचा अर्थ आहे, असे आम्हास त्या दिवशी वाटले. आमच्या टेबलावरच्या फायलींनाही अशी एक न दिसणारी कड असते, हेही मनाशी कबूल केले.

दुसरी गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचा प्रश्न त्यांनी जिव्हाळ्याने हाताळला. आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे 'हेल्पर' म्हणून राबतात. पाना दे, चिंधी दे, चहा आण. कामाचे कारण त्यांना कुणी सांगत नाही. ज्याला कारण कळते तो मिस्त्री होतो; ज्याला नुसता हुकूम कळतो तो हेल्परच राहतो. त्या मुलीने 'कशाला' असे विचारले, म्हणून आम्हास तिचे कौतुक.

काकांसारखी निवृत्त माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. कुणी एस. टी.तले, कुणी रेल्वेतले, कुणी गिरणीतले. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास त्यांना मुलामुलींसमोर बसवा आणि सांगतील ते कुणीतरी लिहून घ्या. आमच्या विहारातील फळ्याशेजारी हबच्या कामाचा तो कागद आता लावला आहे. शेवटची ओळ मुलीने स्वतः लाल पेनने लिहिली आहे : 'कड दुमडली का? पुन्हा पाहा.'

जयभीम!