वऱ्हाडी ऊन आणि गेमिंगचा कॉम्प्युटर

मे 2024 मध्ये उन्हापायी अकोल्यात कलम 144 लागू करावं लागलं. पारा 45 अंशांपलीकडे गेला होता. अमरावती-अकोल्यात गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवताना खर्चाचा हिशेब इथूनच सुरू करावा.

पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत 70 वर चालणारी चिप 40 अंशांच्या खोलीत साधारण 85 वर जाते. 'रायझन 5 5600' या प्रोसेसर चिपची मर्यादा 90 अंश. तिथं पोचताच ती स्वतःचा वेग उतरवते आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. मग महागडा प्रोसेसर घेऊन उपयोग काय?

त्यापेक्षा समोर जाळी असलेली कॅबिनेट घ्यावी: दोन पंखे हवा आत ओढणारे, एक मागून बाहेर फेकणारा. रंगीत दिव्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. बहुतेक गेमचा वेग तेच ठरवतं. 16 जीबी रॅम 8-8च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नकोच. तो जळाला तर बाकीचे भागही सोबत जाऊ शकतात.

कूलरच्या ओल्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका, आणि एप्रिल लागण्याआधी जाळीवरची धूळ ब्रशने झाडून घ्या.