स्लॅलम वॉटर स्की: नवी स्की घेताना काय पाहायचं आणि ती स्वतःला जुळवायची कशी?

मंडळी, इन्स्टाग्रामवर असं एखादं रील तुमच्याही नजरेस पडलं असेल. वेगात निघालेल्या बोटीमागे दोरी धरून एक जण पाण्याला जवळजवळ खांदा टेकवत वळतो आणि त्याच्या मागे पाण्याची भिंत उभी राहते. नीट पाहिलं तर पायाखाली एकच फळी दिसते. दोन्ही पाय तिच्यावरच, एकामागे एक. हीच स्लॅलम स्की.

हे सगळं ताकदीचं काम वाटतं. ताकद लागतेच, पण स्की मापाची नसेल तर धडधाकट माणूसही दिवसभर नाकातोंडात पाणी घेत राहतो. बूट चुकीचे बसवले असतील तर घोट्याला दुखापत होऊ शकते. म्हणून आज समजून घेऊया, स्की निवडायची आणि जुळवायची कशी.

आधी थोडा इतिहास

२ जुलै १९२२ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या तळ्यावर १८ वर्षांचा राल्फ सॅम्युएलसन बोटीमागे पाण्यावर उभा राहिला. त्याआधी पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून तो बुडतच होता. शेवटी त्याने लाकडी फळ्यांची टोकं वाकवली, अंग मागे झुकवून ती टोकं पाण्याच्या वर ठेवली आणि जमलं! शंभर वर्षं झाली, स्की कार्बन फायबरच्या आल्या, पण मुख्य प्रश्न तोच आहे: टोक किती वर आणि किती खाली?

टोक की शेपूट?

वजन टोकाकडे गेलं की स्कीचा पुढचा भाग पाण्यात रुततो. वळण पटकन मिळतं, पण वेग कमी होतो आणि माणूस तोंडावर आपटू शकतो. वजन शेपटीकडे गेलं की टोक उचलतं, स्की सुसाट पळते, पण वळायला तयार नसते. स्कीची लांबी, बुटांची जागा, खालचा पर हे सगळं या दोन्हींमधला मध्य साधण्यासाठीच असतं.

स्पर्धेत हा मध्य किती महत्त्वाचा असतो, ते पाहा. २५९ मीटरच्या मार्गावर आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला सहा बोये असतात. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सगळा मार्ग साधारण १६ सेकंदांत संपतो! महिलांसाठी ही मर्यादा ५५ किलोमीटर आहे. कमाल वेगावर सहाही बोये जमले की दोरी आखूड करत नेतात. बोया मार्गाच्या मध्यापासून ११.५ मीटरवर, आणि दोरी मात्र ११.२५ मीटरपर्यंत आणि त्याहूनही आखूड होते. उरलेलं अंतर अंग झोकून आणि हात लांबवून गाठावं लागतं.

१. लांबी: वजन आणि वेग

इथे उंचीपेक्षा तुमचं वजन आणि बोटीचा वेग जास्त महत्त्वाचा. वजन जास्त किंवा वेग कमी, तर स्की मोठी हवी. मोठ्या माणसांच्या बहुतेक स्की ६४ ते ६९ इंचांच्या असतात. प्रत्येक कंपनी स्वतःचा तक्ता देते, तोच पाहा. दोन मापांच्या मध्ये अडकलात आणि नवशिके असाल तर मोठं माप घ्या.

२. आकार: रुंद की निमुळती?

रुंद स्की कमी वेगातही तरंगते आणि पाण्यातून उठायला सोपी जाते. निमुळती, कडक स्की जास्त वेगासाठी असते. कमी वेगात ती खाली बसते आणि दमवते. मोठ्या खेळाडूची स्की जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका. तुम्ही ज्या वेगाने खेळणार, त्या वेगाची स्की घ्या.

३. बूट: इथे तडजोड नको

आधी पुढचा पाय ठरवा. दोन स्कींवर चालत्या बोटीमागे एकेक पाय अलगद उचलून पाहा. ज्या पायावर तोल नीट राहतो, तो पुढे.

बूट ओल्या पायावर घट्ट बसला पाहिजे, टाच आत हलता कामा नये. पण जोरात पडल्यावर पाय सुटलाही पाहिजे. दोन्ही पायांना पूर्ण बूट असतील तर एक सुटला आणि दुसरा अडकला, ही सर्वांत वाईट अवस्था. अडकलेल्या पायाला स्की पिळून काढते. म्हणून सुरुवातीला पुढे बूट आणि मागे फक्त पट्टा बरा.

बूट स्कीवर भोकांच्या रांगेत बसतात. सुरुवात कंपनीने सांगितलेल्या भोकापासून करा. टोक सतत वर राहून वळण लांबत असेल तर दोन्ही बूट एक भोक पुढे घ्या. टोक रुतून तुम्ही पुढे फेकले जात असाल तर एक भोक मागे.

४. पर: सर्वांत शेवटी

शेपटीखाली धातूचा एक पातळ पर असतो. तो खोल केला की शेपूट पाणी धरून ठेवते. वर घेतला की शेपूट घसरते आणि वळण झटपट होतं. परावर छोटा आडवा पंख असेल तर तो बोयाजवळ वेग कमी करायला मदत करतो. ही मापं कॅलिपरने, इंचाच्या हजाराव्या भागात घेतात. मुरलेल्या खेळाडूला पाव मिलिमीटरचा फरकही जाणवतो. नवशिक्याने मात्र कंपनीचं माप आहे का एवढंच तपासावं आणि पर तसाच ठेवावा.

सोनेरी नियम

एका वेळी एकच बदल करा. आधीचं माप लिहून ठेवा. बदल केल्यावर चार-पाच फेऱ्या मारा, मगच मत बनवा. बूट आणि पर एकाच दिवशी हलवले तर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. आणि स्कीला दोष देण्याआधी बोटीतल्या मित्राला व्हिडिओ काढायला सांगा. बऱ्याचदा गुडघे ताठ आणि वजन मागच्या पायावर असतं. तो दोष पाना फिरवून जात नाही!

लाइफ जॅकेट आणि बोटीत चालकाशिवाय तुमच्यावर नजर ठेवणारा एक माणूस, या दोन गोष्टींशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी वॉटर स्की करून पाहिली आहे का? पुढे कोणता पाय ठेवलात, डावा की उजवा? कमेंटमध्ये नक्की सांगा.