दिवसाला वीस सर्ग
श्रावणमासात घरी बसून पाहण्याजोग्या मालिकांविषयी

श्रावण हे नाव मासाला श्रवण नक्षत्रावरून मिळाले, श्रवणभक्तीवरून नव्हे, हे ज्योतिषाचा अल्पसा परिचय असलेल्यांना ठाऊक असते. तथापि महाराष्ट्रातील भाविक मनाने हा श्लेष केव्हाच आपलासा करून घेतला आहे. या मासात घरोघरी शिवलीलामृत, हरिविजय, रामविजय, नवनाथ भक्तिसार यांचे वाचन होते. एक वाचतो, चौघे ऐकतात, आणि अध्याय संपल्यावर नैवेद्याची वाटी फिरते. पुष्कळ घरांत हा क्रम आजही चालू आहे. मात्र त्याच घरांत रात्रीची जेवणे उरकल्यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर दुसरे एक श्रवण सुरू होते, आणि त्याचा विचार कोणी फारसा करीत नाही. तो येथे करावयाचा आहे.

पूर्वी मालिकेचा एक भाग पाहिला की पुढच्या भागासाठी आठवडा काढावा लागे. आता इंटरनेटवरील प्रसारण-मंचांवर संपूर्ण मालिका एकदम हाती येते, एक भाग संपताच काही क्षणांत दुसरा आपोआप सुरू होतो, आणि एका बैठकीत दहा-दहा भागांचा फडशा पाडण्याची सवय तरुणांनाच नव्हे तर आजी-आजोबांनाही जडली आहे. या सवयीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी तसे सरसकट करणार नाही, कारण एकच कथा सलग काही दिवस ऐकत राहण्याची ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. भागवताचा सप्ताह, रामचरितमानसाचे नवाह पारायण, गुरुचरित्राचे सात दिवस ही सारी त्याच ओढीची रूपे होत. भेद आहे तो मापाचा. गुरुचरित्राच्या सप्ताहात पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत मजल जाते. पाचव्या दिवशी मात्र छत्तीस ते अडतीस असे तीनच अध्याय वाचावयाचे असतात. हे वाटप करणाऱ्यांनी केवळ भागाकार केलेला नाही. कोठे वाचकाचा कंठ थकेल आणि कोठे कथा विसाव्याला येईल, हे त्यांनी पाहिले आहे.

याहूनही प्राचीन असे एक माप खुद्द रामायणात सापडते. उत्तरकांडात अश्वमेधाच्या प्रसंगी वाल्मीकी कुश आणि लव यांना गायनास पाठवितात, तेव्हा दिवसाला वीस सर्ग गावेत आणि धनाचा लोभ धरू नये, अशी आज्ञा करतात. समोर साक्षात् श्रीराम श्रोते आहेत, ऐकण्याची उत्कंठा शिगेला पोहोचली आहे, तरीही वीस झाले की गायन थांबते. बालकांडात या काव्याचे पाचशे सर्ग सांगितले आहेत, म्हणजे पंचवीस दिवसांचा हिशेब झाला. आता गंमत पाहा. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे भाग अठ्ठ्याहत्तर. रोज तीन पाहिले तर सव्वीस दिवस लागतात, आणि तीन भागांना जेमतेम तेवढाच वेळ लागतो जेवढा एका नारदीय कीर्तनाला. पूर्वरंग, मध्यंतरीचा गजर आणि उत्तररंग मिळून दोन तासांच्या आत बुवा आरतीला उभे राहतात. श्रोत्यांचे चित्त त्यापुढे टिकत नाही, हे आमच्या परंपरेने अनुभवाने ठरविलेले आहे.

म्हणून पहिली शिफारस या मालिकेचीच. २५ जानेवारी १९८७ रोजी तिचा पहिला भाग दूरदर्शनवर आला आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. दूरचित्रवाणी संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक समोर बसत. आज वयाची साठी ओलांडलेल्यांना हे सांगावयास नको. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेच असलेल्या उंबरगाव येथे तिचे चित्रीकरण झाले. अरुण गोविल यांचे मंद स्मित, दारासिंग यांचा हनुमंत, अरविंद त्रिवेदी यांचा रावण, रवींद्र जैन यांचे संगीत, आणि आपल्या ललिता पवार यांची मंथरा! मालिकेच्या प्रारंभी आधारग्रंथांची जी नामावळी येते तीत वाल्मीकी, तुलसीदास आणि कंब यांच्याबरोबर एकनाथमहाराजांचे भावार्थ रामायणही आहे. मराठी घराने ती पाटी अवश्य थांबवून वाचावी. युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झाल्यावर नाथांनी देह ठेवला आणि शिष्य गावबाने ग्रंथ पूर्ण केला, ही हकीकत मुलांना सांगण्यास ती उत्तम संधी आहे.

नटांची वेशभूषा आज बाळबोध वाटेल, बाणांची आकाशातील टक्कर तर नातवंडांना हास्यास्पद वाटेल. वाटू द्यावी. संथपणा हा या मालिकेचा दोष नसून गुण आहे, असे माझे मत आहे. भरतभेटीचा प्रसंग तिच्यात जितका वेळ घेतो तितका घेतल्यावाचून भरत समजत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही वर्षांपूर्वी सीताहरणाचे आख्यान लावले होते. आरती झाल्यावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “बुवा, तुम्ही लक्ष्मणरेषा सांगायची विसरलात.” मी तिला म्हटले, “बाळ, वाल्मीकींनीही ती सांगितलेली नाही.” तिचा विश्वास बसला नाही, कारण तिने ती रेषा डोळ्यांनी पाहिली होती. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण निघताना वनदेवता तुझे रक्षण करोत एवढेच म्हणतो. तुलसीदासांनीही त्या प्रसंगी रेषा काढलेली नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी तिचा ओझरता उल्लेख येतो. शबरीची उष्टी बोरेही अशीच. वाल्मीकींची शबरी रानमेव्याने रामाचा सत्कार करते. चाखून देण्याची गोष्ट नंतरच्या भक्तांच्या प्रेमातून आली. या भरींना मी खोटे म्हणत नाही. लोकमनाने घातलेले ते अलंकार आहेत आणि आम्ही कीर्तनकारही ते घालतो. परंतु कथा आणि अलंकार यांतील भेद सांगणारा एक वडीलधारा माणूस पडद्यापाशी बसलेला असावा. कीर्तनात मुलगी उठून विचारू शकली. पडद्याला कोण विचारणार?

‘उत्तर रामायण’ पाहावे की नाही, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पुष्कळ घरांत पारायण पट्टाभिषेकाशी संपविण्याची चाल आहे, आणि मूळ मालिकाही तेथेच संपली होती. पुढचे भाग झाले त्यामागे एक इतिहास आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात मालिका संपत आली तेव्हा जालंधर आणि उत्तरेतील इतर काही शहरांतील सफाई कामगार संपावर गेले. तो समाज स्वतःला वाल्मीकींचा म्हणवितो, आणि ज्या कांडात वाल्मीकी स्वतः कथेत प्रवेश करतात, सीतेला आश्रय देतात, तेच कांड गाळले जाणार हे त्याला मान्य नव्हते. शासनाने अखेर पुढील भागांना संमती दिली. ज्यांना सीतात्यागाचे दुःख सोसवत नाही त्यांनी पट्टाभिषेकाशी थांबावे, त्यात अधर्म नाही. पण ज्या समाजाने आपल्या ऋषीसाठी हातातील काम खाली ठेवले त्याची आठवण ठेवून जे पुढे जातील, त्यांना कुश-लवांचे गायन ऐकावयास मिळेल. त्यातील कुशाच्या भूमिकेत आपला स्वप्नील जोशी आहे, लहानगा.

बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ ही वेगळ्या जातीची कृती आहे. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात तिचे चौऱ्याण्णव भाग प्रसारित झाले. महाभारत घरात पुरते वाचू नये, भावाभावांत कलह होतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तिला ग्रंथाधार मला आढळलेला नाही. भाऊबंदकीला पोथीचे निमित्त लागत नाही. या मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौलीचा हा उर्दू-हिंदी लेखक व्यासांच्या अंतरंगात इतका खोल शिरला की संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या माझ्यासारख्यानेही त्याच्यापुढे हात जोडावेत. त्यांना पंडित नरेंद्र शर्मा यांचे मार्गदर्शन होते. हरीश भिमाणी यांच्या आवाजातील ‘समय’ हा सूत्रधार तर मला आमच्या व्यासपीठाचाच सोयरा वाटतो. तो कथेच्या बाहेर उभा राहतो, पुढचे सांगून टाकतो, तरी उत्कंठा कमी होत नाही. नितीश भारद्वाज यांच्या श्रीकृष्णाविषयी मराठी माणसाने बोलू नये, पक्षपाताचा आरोप येईल!

येथेही पाठभेद आहेतच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने साडेबाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळून १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. तीत वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा मूळ पाठात नाही, तो तळटीपेत गेला आहे. वस्त्रे येतात, कोणी दिली ते संहिता सांगत नाही. मालिकेने धावा ठेवला, आणि कीर्तनकार म्हणून मला तो हवाच. पण मयसभेत द्रौपदीच्या तोंडी घातलेले ‘आंधळ्याचा पुत्र’ हे बोचरे वाक्य व्यासांचे नाही. ती हसली असे दुर्योधन पुढे आपल्या पित्याला सांगतो, इतकेच. एका वाक्याने साऱ्या युद्धाचे खापर एका स्त्रीच्या माथी फुटते, आणि आजही बायकांच्या जिभेचे उदाहरण म्हणून ते वाक्य ऐकू येते. हे मला सहन होत नाही.

आणखी एक. द्यूताचा भाग पाहताना कोठे थांबावे याचा विचार करावा. मालिका रचणारा उत्कंठेच्या टोकावर पडदा पाडतो, कारण त्याला पुढच्या रविवारी प्रेक्षक हवा होता. आमच्याकडे संकटाच्या क्षणी आख्यान थांबवीत नाहीत. घरात लहान मुले असतील तर केस धरून सभेत ओढलेल्या द्रौपदीपाशी संच बंद करून त्यांना झोपावयास पाठवू नये. ती धृतराष्ट्राकडून दोन वरांनी पतींना दास्यातून सोडविते आणि तिसरा वर नाकारते, तेथपर्यंत जावे, मग तीनाचे चार भाग झाले तरी चालतील. सीताहरणाच्या रात्री शबरीपर्यंत पोहोचावे. पारायणाची विश्रामस्थाने याच विचाराने ठरलेली आहेत.

याउलट ज्यांना कथेपेक्षा विचाराची आवड आहे त्यांनी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ पाहावी. १९८८-८९ मधील हे त्रेपन्न भाग जवाहरलाल नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेले आहेत. प्रारंभी वनराज भाटिया यांच्या संगीतात नासदीय सूक्त येते, वसंत देव यांच्या हिंदी अनुवादासह; अखेरीस हिरण्यगर्भ सूक्त. आजच्या मंचांवर शीर्षकगीत ओलांडून जाण्याची एक कळ असते. इतर मालिकांत ती खुशाल दाबा, पण येथे दाबाल तर नांदी न ऐकता नाटकाला बसल्यासारखे होईल. चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्या ‘चाणक्य’चे सत्तेचाळीस भाग (१९९१-९२) संस्कृतप्रचुर हिंदीसाठी तरी पाहावेतच. विद्यार्थ्यांना मी ते व्याकरणाच्या तासाइतकेच उपयुक्त म्हणून सांगतो. त्याच दिग्दर्शकाची, चिन्मय मिशनची ‘उपनिषद् गंगा’ २०१२ साली आली. तिचे बावन्न भाग सुटे सुटे पाहता येतात. दारा शुकोह आणि याज्ञवल्क्य-मैत्रेयी यांच्यावरील भाग आधी काढावेत.

नव्या काळातील भव्य पौराणिक मालिकांविषयी थोडक्यात. ‘देवों के देव महादेव’चे भाग आठशेवीस आहेत, रोज तीन पाहिले तर नऊ महिने लागतात, म्हणजे पूर्ण गर्भवासच! एका उद्गारावर सर्वांचे चेहरे तीन-तीनदा दाखवून, विजांचा कडकडाट करून वेळ काढण्याची रीत मला रुचत नाही. मुलांसाठी मात्र २०२१ पासून आलेली ‘द लेजंड ऑफ हनुमान’ ही सचेतन चित्रांची मालिका चांगली आहे. तीतील रावणाला शरद केळकर यांचा आवाज आहे.

मालिका पाहिल्याने पारायणाचे पुण्य लाभते काय, असेही कोणी विचारतात. पारायण स्वतःच्या वाणीने करावयाचे असते. पडद्यावरील दर्शनाची फलश्रुती कोणी लिहून ठेवलेली नाही. पण नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात तर देवांनी ब्रह्मदेवाकडे पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणेच मागितले होते. अडचण इतकीच की आज घरातील पाच माणसे पाच मोबाईलवर पाच मालिका कानाला यंत्र लावून पाहतात. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत रामायण पुनः दाखविले गेले तेव्हा सर्व जण नाइलाजाने एका खोलीत होते, आणि कित्येक घरांत आजीने सांगितलेले भाष्य नातवंडांनी तेव्हा प्रथम ऐकले.

हे भाग कोणत्या मंचावर मिळतील ते वेळोवेळी बदलते. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज्’ हा स्वतःचा मंच सुरू केला. शोध तेथून आरंभावा. श्रावण शुद्ध प्रतिपदेला रोज तीन भागांनी ‘रामायण’ आरंभले तर ते वद्य एकादशीस संपेल. वद्य अष्टमीला मात्र त्याला विश्रांती देऊन सागर यांच्याच ‘श्रीकृष्ण’ मालिकेतील जन्माचे भाग पाहावेत, म्हणजे समाप्ती द्वादशीला येईल. पिठोरी अमावास्येपर्यंत उरलेल्या तीन दिवसांत ‘उपनिषद् गंगे’चे पाच-सहा भाग सहज होतात. त्यापुढे ‘महाभारत’ लगेच आरंभू नये. भाद्रपद लागला की चतुर्थीची आरास सुरू होते, आणि बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच आहे त्याच कोपऱ्यात मखर बसते.