बोनस मालकाचा, गाडीचा नव्हे

चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरदाराला कंपनीची गाडी मिळाली, की जुळे सोलापुरात दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीचा प्रश्न येतो. विकली तर ‘नो क्लेम बोनस’ (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) बुडेल, या समजुतीने अनेक जण ती ठेवून देतात.

ही भीती अनाठायी आहे. रेल्वेचा पास प्रवाशाच्या नावावर असतो, डब्याच्या नव्हे. तशीच ही सवलत मालकाची.

दावा न करता एक वर्ष गेले तर २० टक्के, सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के, तीही फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर. गाडी विकताना विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतले, तर तीन वर्षांपर्यंत ती नव्या गाडीला लावता येते. उलट, ठेवलेल्या गाडीचा विमा संपून ९० दिवस उलटले, की सवलत गेलीच.