लोणारची उतरती पायवाट

डोंगर पाहण्याच्या अपेक्षेनें लोणारला गेलेल्या प्रवाशाची प्रथम निराशाच होते. बुलढाणा जिल्ह्यांतील सपाट रानांत थोडासा उंचावलेला एक कांठ दिसतो. त्यावर पाऊल पडतांच मात्र समोर सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर उघडतें. हा डोंगर उलटा आहे. येथें आधीं उतरावयाचें आणि दमल्यावर चढावयाचें!

खालीं जाणारी जुनी वाट धारेपासून निघते. गोमुखांतून बारमाही वाहणाऱ्या या गोड्या पाण्यांत स्नान करून यात्रेकरू पायऱ्या उतरूं लागतात. भोंवतालचा काळा खडक सहसा कोणी पाहत नाहीं. सह्याद्रीच्या घाटांत बेसाल्टचे जे थर आडवे रचल्यासारखे दिसतात, तेच येथें उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. एकोणिसाव्या शतकांत कित्येक विद्वान यास ज्वालामुखीचें मुख समजत. पुढें तळाशीं छिद्रें पाडून काढलेल्या खडकांत, प्रचंड आघातावांचून बनत नाहीं अशी कांच सांपडली. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उल्कापाताचा पक्ष सिद्ध झाला.

त्या आघातानें उडालेला दगडधोंडा आजही कांठावर व बाहेर पसरलेला आहे. स्मृति म्हणून उचललेला खडा घरच्या कपाटांत मुका होतो. तो कोठें, कोणत्या थरावर पडला होता, हीच त्याची साक्ष. आडवाटेनें उतरणाराच्या पायांखालींही तो सैल थर ढळतो. अभयारण्यांत रुळलेली वाट सोडूं नये, तें केवळ श्वापदांच्या भीतीनें नव्हे.

उतारावर साग भेटतो. जुन्या वर्णनांत शिंदी, चिंच आणि बाभूळ यांचीं एकांत एक वलयें सांगितलेलीं आहेत. आतां वेड्या बाभळीनें बरीच जागा अडविली आहे. झाडी संपली कीं चिखल, आणि पुढें क्षारयुक्त पाणी. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, तें क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळें. त्याच वर्षीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें. कांठावर कमळजादेवीचें मंदिर व सासू-सुनेची विहीर आहे. विहिरीच्या एका अंगाचें पाणी गोडें, दुसऱ्याचें खारें, अशी तिची ख्याति. गोडे झरे आणि क्षारजल येथें अगदीं शेजारीं आहेत खरे. सरोवर चढलें कीं ही खालची वाट पाण्यांत जाते. मग कांठावरूनच सुमारें पावणेसहा किलोमीटरांचा फेरा घालावा लागतो. उतरावयाचें असल्यास वऱ्हाडचें ऊन लक्षांत घेऊन सकाळींच निघावें. चढण शेवटीं आहे.